पाच टक्क्यांची अट

वडिलांचा कॅमेरा गेल्या दिवाळीत माळ्यावरून खाली काढला. सत्तरच्या दशकातला, जपानी, ३६ फोटोंच्या रोलचा. बटण दाबलं की शटर उघडायचं, पण उजेड कितीही असो, एकाच वेगाने. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हे त्यात प्रकाश मोजणारं सर्किट ठरवतं. सर्किटला वीज मिळाली नाही, की शटर सर्वांत जलद वेगावर जातं आणि संध्याकाळचे फोटो काळे निघतात.

त्याची बॅटरी पाऱ्याची. पारा विषारी, म्हणून तसल्या बॅटऱ्या केव्हाच बंद झाल्या. ६ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी आणली, लांबी कमी पडली तिथे स्प्रिंग घातली. तरी कॅमेऱ्यावरचा दिवा लागेना. शेवटी वर्ध्यातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी तळ उघडला, मल्टिमीटर लावला. म्हणाले, "वायर सडली ना भाऊ. सर्किट जिवंत आहे."

जुन्या बॅटरीतून झिरपलेल्या रसायनाने तांब्याची तार वेष्टणाच्या आत हिरवी पडली होती. काकांनी दोन इंच नवी वायर सोल्डर केली, संपर्काच्या पत्र्या लिंबाच्या रसाने आणि मग स्पिरिटने पुसल्या. पिवळा दिवा लागला. पण रोल धुऊन आला तेव्हा निम्मे फोटो पांढुरके. आत रबराची एक टिकली असते. रोल पुढे सरकवताना ती दांडीचा धक्का झेलते. तिचा भुगा झाला होता. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला, फरक पडला. एक दोष मात्र अजून सापडलेला नाही. काकांच्या कपाटात जुन्या रेडिओंचे सर्किट डायग्राम जपून ठेवलेले आहेत. या कॅमेऱ्याचा नाही.

सेवाग्रामात कनू गांधींनी ज्या रोलिफ्लेक्सने बापूंचे फोटो टिपले, तो स्प्रिंगा आणि चाकांवर चालायचा. १९७६च्या कॅनन एई-१मध्ये मायक्रोप्रोसेसर आला. बिघाड डोळ्यांना दिसेनासा झाला, की दुरुस्ती करणाऱ्याला हात पुरत नाहीत, कागद लागतो. तो कागद देणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्तीचा विचार बनवणाऱ्यानेच आधी करावा, हे गांधीजींनी १९२९मध्येच आकड्यांत मांडलं होतं. सुधारित चरख्यासाठी अखिल भारतीय चरखा संघाने १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं. यंत्राची किंमत १५० रुपयांच्या आत हवी, वेळच्या वेळी निगा राखली तर ते २० वर्षं चालावं, आणि सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, अशा अटी होत्या. यंत्र घडवण्याआधीच दुरुस्तीचा हिशेब!

मे २०२५मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल आला. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं किती दुरुस्त होण्याजोगी आहेत, याचे गुण ग्राहकाला दिसावेत, ही त्यातली कल्पना. स्वागतार्ह आहे, पण नुसते गुण पुरणार नाहीत. वस्तूबरोबर सर्किट डायग्राम मिळालाच पाहिजे, आणि प्रत्येक सुट्या भागाची किंमत मूळ किमतीच्या किती टक्के, हे खोक्यावर छापलं पाहिजे. वस्तू घ्यायची की नाही, हे गिऱ्हाईक तो आकडा वाचून दुकानातच ठरवेल.

कॅमेरा पुढच्या रविवारी पुन्हा काकांच्या टेबलावर जाणार आहे. या वेळी उघडताना आम्ही प्रत्येक जोडणी वहीत काढून ठेवणार आहोत, पुढे तो ज्याच्या हाती पडेल त्याच्यासाठी.