पदरमोड करूनच रान शिकायचे?

गडहिंग्लजवरून वाहणाऱ्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीत, २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी प्रजाती नोंदली गेली; पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ ठरली. एवढे उशाला असताना इथल्या विद्यार्थ्यांनी पहाटे रानवाट धरून गव्याचे शेण, खुरांचे ठसे वहीत टिपायला शिकलेच पाहिजे. पण वन्यजीव अभ्यासातली उमेदवारी बहुधा बिनपगारी, प्रवासही पदरचा. सुट्टीत घरच्या शेतात राबणारा मुलगा तिथेच गळतो, आणि रान ओळखणारी नजर नेमकी त्याचीच असते. अनुभव हाच मोबदला, असे म्हणतात. पण नोंदी संशोधनाला उपयोगी पडत असतील, तर ते कामच झाले. निधी तोकडा असतो, हे खरे. मग मुले कमी घ्या. एसटीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण मात्र प्रकल्पाच्या खर्चात आधी धरा.