नकलेची कदर

"अस्सल गवई निवर्तला, आतां त्याच्या नकलेसाठीं पैसे कशाला दवडावयाचे?" असा प्रश्न गेल्या हिंवाळ्यांत दिघीच्या धक्क्यावर आम्हांस पुष्कळांनीं विचारिला. खाडीपलीकडील एका गांवीं मोहम्मद रफी यांच्या गीतांचा कार्यक्रम व्हावयाचा होता, आणि त्यांचा वेष, लकब व आवाज यांची हुबेहूब नक्कल करणारा एक गायक तो करणार होता. रफीसाहेब ३१ जुलै १९८० रोजीं वारले. त्यांना प्रत्यक्ष ऐकणें आजच्या विद्यार्थ्यांच्या नशिबीं नाहीं. उलट त्यांचीं गाणीं घरबसल्या फुकट ऐकावयास मिळतात. मग हा खटाटोप कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. ज्या घरांत मासळीच्या हंगामावर साऱ्या वर्षाचा हिशेब बसवावा लागतो, त्या घरांत तर तो टाळतांच येत नाहीं. म्हणून आमचें मत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम खर्चाविषयीं. आम्ही पांचजण निघालों. दिघीहून आगरदांड्यास जाणारी फेरीबोट गाड्याही पैलतीरीं नेते; परंतु गाडीचें भाडें माणसाच्या भाड्याहून अधिक, म्हणून आम्ही पायींच बोटींत चढलों व पुढें एस. टी. नें गेलों. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी घरून बांधून घेतली होती. तिकिटें सर्वांत मागल्या रांगेचीं काढलीं. रात्रीं परतणें जमणार नाहीं हें आधींच धरून एका सोबत्याच्या मावशीच्या ओटीवर निजण्याची सोय केली. एवढें करूनही हिशेब मांडला तेव्हां तिकिटाहून प्रवासच महाग पडल्याचें दिसलें. काटकसर करावयाची ती घराच्या उंबऱ्यापासूनच करावी, हा त्यांतला धडा. ज्यांना एवढेंही झेपत नसेल त्यांनीं उसनवारी करून जाऊं नये, आणि मुलांनीं त्यापायीं आईबापांपाशीं हट्ट धरूं नये, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

मागल्या रांगेंत बसण्यांत मात्र कमीपणा मुळींच मानूं नये. गायकाचा चेहरा आम्हांला नीट दिसत नव्हता. पण सूर तेथवर पोंचत होता. रफीसाहेबांनीं श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतांत मराठी गीतेंही गायिलीं आहेत. तीं सुरू होतांच आमच्यापुढें बसलेल्या एका आजींनीं डोळ्यांना पदर लावला, आणि त्यांचा नातू गाणें सोडून त्यांच्याकडेच पाहत राहिला. घरीं एकट्यानें गाणें ऐकतां येतें. परंतु शेंकडों माणसें श्वास रोखून एकाच कडव्याची वाट पाहत आहेत, हा अनुभव घरीं येत नाहीं. धक्क्यावरच्या प्रश्नाला आमचें हेंच उत्तर आहे.

आतां नकलेविषयीं. नक्कल म्हणजे हलकें काम, अशी समजूत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. बहुरूपी पोलिसाचें सोंग घेऊन दारांत उभा राहतो, घरच्यांची क्षणभर गाळण उडवितो, आणि शेवटीं हंसवून बिदागी घेऊन जातो. ही आपली जुनी कला आहे. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) पुरुष असून नायिकांच्या भूमिकांनींच अजरामर झाले. पुढें २०११ सालच्या 'बालगंधर्व' चित्रपटांत सुबोध भावे यांनीं त्यांचें रूप घेतलें व आनंद भाटे यांनीं त्यांची गायकी उभी केली. त्या गायनास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईच्या नईम सय्यद या मुलानें १९६८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटांत मेहमूद यांची नक्कल केली आणि लौकिक मिळविला. पण त्या लौकिकाची किंमतही पाहावी. तो जन्मभर 'ज्युनियर मेहमूद'च राहिला, व २०२३ मध्यें वारला तेव्हां वर्तमानपत्रांनीं तेंच नांव छापलें.

बहुरूप्याचा एक धर्म असतो: सोंग हें सोंग आहे हें शेवटीं उघड करावें. आमच्या कार्यक्रमाच्या फलकावर रफीसाहेबांचा चेहरा भला मोठा, आणि गायकाचें नांव भिंग लावून वाचावें इतकें बारीक होतें. ही रीत बरी नव्हे. आज तर यंत्राकडून कोणाचाही आवाज बनवितां येतो. जुलै २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें गायक अरिजित सिंग यांचा आवाज त्यांच्या संमतीवांचून अशा साधनांनीं वापरण्यास मनाई केली, तें योग्यच झालें. यंत्राचा घसा बसत नाहीं. माणसाला मात्र दुसऱ्याचा आवाज आपल्या गळ्यांत बसवितां बसवितां अर्धें आयुष्य घालवावें लागतें. त्याच्या नांवाला फलकावर जागा मिळालीच पाहिजे.

कार्यक्रम संपल्यावर तो गायक टोप काढून चहाच्या गाडीपाशीं उभा होता. आम्हीं त्याची तोंडभर स्तुति केली. "आपलीं स्वतःचीं गाणीं आहेत काय?" असें आमच्यांतल्या एकानें विचारिलें. "आहेत चार-दोन," तो म्हणाला, "पण तीं कोणी मागत नाहीं." मग त्याला कोणी हांक मारली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं फेरीबोटींत, दूर जंजिऱ्याचा तट दिसत असतां, गोष्ट त्याच्यावर आली. आणि त्याचें नांव पांचांपैकीं एकासही सांगतां येईना. फलकावरल्या बारीक अक्षरांस नांवें ठेवणारे आम्ही. पण माणूस समोर उभा असतां त्याचें नांव विचारण्याचें आम्हांला सुचलें नाहीं. तें ठाऊक असतें तर या लेखांत मोठ्या अक्षरांत दिलें असतें.

तेव्हां आमचें मत एवढेंच. ऐपत पाहून जावें, शेवटल्या रांगेचें तिकीट काढावें, भाकरी घरची न्यावी. परंतु निघण्यापूर्वीं गायकाला त्याचें नांव विचारावें आणि त्याचें स्वतःचें एक गाणें मागावें. त्याला जादा पैसा पडत नाहीं. येत्या हिंवाळ्यांत तो पुन्हा यावयाचा आहे, असें ऐकतों. आम्ही जाणार आहों.