पानं तीच, पाणी सहावं

मैत्रिणींनो, सोलापूरच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांचा भाचा कामानिमित्त चीनला गेला होता. येताना त्याने मावशीसाठी 'युन्नानचा चहा' म्हणून एक पाकीट आणलं. बाईंनी तो चहा रोजच्यासारखाच केला. आधण ठेवलं, साखर, आलं, पत्ती घातली, खळखळून उकळलं, वर दूध ओतलं. रंग धड आला नाही, चव तर नाहीच. आपली रोजची पावडरच बरी, असं घरात एकमत झालं. त्या लिहितात, "पाकीट बरंच शिल्लक आहे आणि एवढी महाग वस्तू टाकवत नाही. भाचा म्हणतो, हा चहा चाखत प्यायचा आणि तीच पानं पाच-सहा वेळा वापरायची. खरं का हो? आणि चाखायचं ते काय? मला मेलीला त्यातलं काय कळणार!"

ते शेवटचं वाक्य आधी खोडून टाका बरं! फोडणी करपायला आली हे जिला बाहेरच्या खोलीतून कळतं, कढतं तूप नेमकं केव्हा उतरवायचं हे जिला कोणी सांगावं लागत नाही, तिच्या नाकाजिभेला शिकवण्यासारखं फार थोडं उरतं. फरक इतकाच, की आपण चव बघतो ती घरच्यांना आवडेल ना, म्हणून. "मला कसं लागलं?" हे स्वतःला विचारायची सवयच राहिलेली नसते. हा चहा नेमकं तेच विचारतो.

आधी त्याची ओळख करून घेऊ. आपण ज्याला काळा चहा म्हणतो, त्याला चिनी लोक 'होंग चा', म्हणजे लाल चहा म्हणतात. ते नाव देतात कपातल्या रंगावरून, आपण देतो सुक्या पानांवरून. आपला 'चहा' हा शब्दही मुळात त्यांच्या 'चा'वरूनच आलेला. असे लाल चहा तिथे अनेक आहेत. फूच्येन प्रांतातल्या वूयी डोंगरातला एक चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, त्याला धुराचाच वास येतो. आन्ह्वेई प्रांतातला कीमून नाजूक, सुवासिक. तुमच्याकडे आला आहे तो युन्नानचा, त्याला 'त्यानहोंग' म्हणतात. 'त्यान' हे युन्नानचं जुनं छोटं नाव.

हा चहा तसा अलीकडचा. जपानशी युद्ध पेटलं आणि पूर्वेकडचे चहाचे मुलूख धोक्यात आले, तेव्हा 1938 साली फंग शावच्यू नावाचे जाणकार युन्नानच्या आजच्या फंगछिंग भागात गेले आणि तिथल्या मोठ्या पानांपासून त्यांनी लाल चहा करून पाहिला. गंमत म्हणजे ती मोठ्या पानांची जात आणि आपल्या आसामच्या चहाची जात वनस्पतिशास्त्रात एकच मानतात. म्हणजे हा पाहुणा परका नव्हे, आसामच्या चहाचा चुलतभाऊच!

मग तो रोजच्या पातेल्यात का बिघडला? आपला रोजचा दाणेदार, मामरी चहा यंत्रात चुरडून, फाडून, वळून केलेला असतो. त्याच्या बारीक दाण्यांतून रंग आणि कडकपणा एकदम उतरतो, म्हणून दूध-साखर घातली तरी तो दबत नाही. त्यानहोंगचा कोंब आणि पान मात्र अख्खं ठेवतात. खुडलेली पानं कोमेजू देतात, वळतात, मग हवेवर ठेवतात. कापलेली वांग्याची फोड हवेनं जशी काळी पडते, तशीच ती पानं तांबूस होतात. शेवटी सुकवतात. पत्तीत जे सोनेरी तुकडे दिसतात ते कोवळे कोंब, त्यांच्यावरची लव सोनेरी झालेली असते. अख्खं पान आपला रस हळूहळू सोडतं. म्हणूनच ते पुनःपुन्हा चालतं, आणि म्हणूनच उकळून काढलं की त्याची नजाकत जाते.

आता कृती. चिनी बायका-पुरुष यासाठी बशी, वाटी आणि झाकण असं तीन भागांचं भांडं वापरतात. ते नसलं म्हणून अडत नाही. चिनीमातीचा एक लहान कप, झाकायला बशी, गाळणी आणि ओतायला दुसरा कप, एवढं पुरे. दूध, साखर, आलं, वेलची काही नको.

कप गरम पाण्यानं विसळून घ्या. त्यात साधारण चार ग्रॅम पत्ती घाला. पत्ती हलकी, फुललेली असते, त्यामुळे चहाचे दोन शीग लावलेले चमचे होतील. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून मिनिटभर थांबा. मग शंभर मिलिलिटर, म्हणजे लहान कपभर पाणी ओता, झाका, ठरलेल्या वेळानं शेवटच्या थेंबापर्यंत गाळून घ्या. पानांत पाणी राहू दिलंत तर पुढचा कप कडू झालाच म्हणून समजा.

पहिलं पाणी: दहा ते पंधरा सेकंद. मनात सावकाश पंधरा अंक मोजा. पिण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या, खरा सुगंध तिथे साठतो. हा कप हलका असतो, पानं अजून जागी होत असतात.

दुसरं पाणी: पुन्हा पंधरा सेकंद. आता रंग तांबूस-नारिंगी येईल. चव घेताना चक्क भुरका मारा! चहाची पारख करणारे लोकही असाच आवाज करत पितात, कारण हवेबरोबर वास नाकापर्यंत चढतो. मुलांना दटावतो ती गोष्ट आज तुम्हाला माफ. मध, भाजलेलं रताळं, किंचित कोको असं काही ओळखीचं जाणवतं का बघा. तुम्हाला वेगळंच आठवलं, तर तेही बरोबरच.

तिसरं पाणी: वीस सेकंद. बहुधा हाच कप सगळ्यात भरदार. गिळल्यावर जिभेच्या कडांना तुरटपणा जाणवेल. थोडं थांबा, मागाहून घशात गोडवा येतो. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर येतो ना, त्याच जातीचा. साखर न घालता आलेला हा गोडवा एकदा ओळखला, की विसरता येत नाही.

चौथं पाणी: अर्धा मिनिट. तुरटपणा मागे सरतो, चव मऊ होते. आता रिकामा कप हुंगून पाहा, तळाशी काकवीसारखा वास रेंगाळलेला असतो.

पाचवं पाणी: एक मिनिट. रंग फिका, पण गोडसर.

सहावं पाणी: दोन-तीन मिनिटं. जोर संपलेला असतो, उरते ती नुसती गोड, लाकडासारखी चव. कोणाला हा कप पाणचट वाटेल, कोणाला हाच सर्वांत आवडेल. शेवटी पानं बशीत उलगडून पाहा. तांबूस, मऊ, अख्खी पानं निघाली तर माल चांगला.

सहा कपांना जेमतेम अर्धा तास लागतो. तो कुठून आणायचा, असं तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. सगळ्यांना गरम चहा देऊन स्वतःचा ओट्यावर निवत ठेवणाऱ्या आपण! पण हा चहा करून ठेवता येत नाही. पंधरा सेकंदांच्या मधे कुणाचा मोजा शोधायला उठलं, की तो कप गेलाच. म्हणून दुपारी, आवराआवर झाल्यावर बसा. सासूबाई किंवा सूनबाई घरात असतील तर त्यांनाही बसवा, कप लहान असले तरी दोघींत पुरतात. आणि एकमेकींना "झालाय ना चांगला?" असं विचारू नका, "तुम्हाला कसला वास आला?" असं विचारा. एकाच घरात वर्षानुवर्षं राहून एकमेकींची आवड ठाऊक नसते. ती अशी कळते.

खर्चाचंही सांगते. चार ग्रॅम पत्तीत सहाशे मिलिलिटर चहा होतो. त्यामुळे पाकिटाची किंमत ऐकून दचकलात, तरी एका कपाचा हिशेब मांडून मगच महाग म्हणा. आणि सकाळचा आल्याचा, दुधाचा चहा मुळीच सोडू नका. ती चीज वेगळी, ही वेगळी.

थोडी पथ्यं मात्र पाळा. चहातल्या तुरट द्रव्यांमुळे अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो, आणि आपल्याकडे कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं. तेव्हा जेवणाबरोबर किंवा लगेच वरून चहा नको, तासभर जाऊ द्या. लोहाच्या गोळ्या तर चहाबरोबर कधीच घेऊ नका. दिवस गेलेले असतील तर किती प्यायचा ते डॉक्टरांना विचारा. झोप लागत नसेल तर संध्याकाळनंतर टाळा.

जाता जाता: ही पत्ती आजूबाजूचे वास चटकन ओढून घेते. मसाल्याच्या डब्याशेजारी किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका, घट्ट झाकणाच्या, कोरड्या डब्यात अंधाऱ्या जागी ठेवा. भिजलेली पानं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, त्यांना बुरशी धरते. गुलाबाच्या कुंडीत मातीत मिसळून टाका. दूध-साखर लागलेली नसल्यामुळे मुंग्याही येणार नाहीत.