बाटली बदलली, औषध तेच

सालेकसा तालुक्यात रोवणी आटोपून पंधरा-वीस दिवस झाले की बांधीत सावा डोके काढतो. कोवळा असताना तो धानासारखाच दिसतो. निंदणाऱ्या बायांची सरावलेली नजरच त्याला हुडकते. पण निंदणाला मजूर मिळेनासे झाले आणि तणनाशकावरची भिस्त वाढली. धानपट्ट्यात सर्रास चालणारे औषध म्हणजे बिस्पायरीबॅक सोडियम.

एकच औषध वर्षानुवर्षे मारल्यास काय होते, ते शेजारच्या छत्तीसगडमध्ये दिसले आहे. तेथील आणि केरळमधील धानशेतांत वाढणारे लव्हाळ्याच्या कुळातले एक तण या औषधाला दाद देत नसल्याचे जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. हरियाणाच्या गव्हातले गुल्ली दंडा हे गवत तर १९९०च्या दशकातच आयसोप्रोट्युरॉनला पुरून उरले. पुढे त्याने बदलून आणलेली औषधेही पचवली.

औषध तणाला बिघडवत नाही, ते निवड करते. बिस्पायरीबॅक वनस्पतीतले एएलएस नावाचे विकर बंद पाडते. लाखो रोपांत एखाद्याच्या विकराची घडण जराशी वेगळी असते. ते वाचते, हजारो बिया टाकते आणि पुढच्या हंगामात त्याचीच प्रजा वाढते.

तण मरेना की शेतकरी कृषी केंद्रातून दुसरी बाटली आणतो. ती पेनॉक्ससुलमची असली, तर तिचाही मारा त्याच विकरावर! नाव बदलले, पैसे गेले, सावा उभाच. यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याने ओळखायचे कसे? विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण बाटलीवर सक्तीने छापला जातो. तसाच औषधाच्या गटाचा क्रमांकही ठळक छापणे सक्तीचे करावे. ऑस्ट्रेलियाने ही सक्ती तीन दशकांपूर्वीच केली.

अर्थात, वाचलेले प्रत्येक तण प्रतिकारक नसते. फवारणी उशिरा झाली, मात्रा कमी पडली, तरी तण वाचतेच. अशा वेळी अंदाजाने मात्रा वाढवू नये. त्याची झळ आधी पंप पाठीवर घेणाऱ्याला बसते. रोवणीनंतर लगेच प्रेटिलाक्लोरसारखे वेगळ्या गटातले औषध, बांधीत टिकवलेले पाणी आणि उरलेला सावा निसवण्याआधी उपटणे, हा मार्ग कष्टाचा असला तरी खात्रीचा आहे. चाचणीपुरते थोडे बी मात्र राखावे. ते कुंडीत पेरून, उगवलेल्या रोपांवर मापून औषध मारले की प्रतिकार आहे की फवारणी चुकली, ते कळते. कृषी विभागाने ही साधी चाचणी छत्तीसगडला लागून असलेल्या सालेकशातच आधी सुरू करावी.