रक्षक पेशींची स्पर्शपरीक्षा

आपल्या शरीरात अहोरात्र संचार करणाऱ्या रक्षक पेशींना नेत्र नाहीत. शत्रू ओळखावयाचा तो केवळ स्पर्शाने. टी-पेशीच्या पातळ आवरणावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांनी ती भेटेल त्या पेशीचा पृष्ठभाग चाचपून पाहते. विषाणूची खूण आढळली की दोन्ही आवरणे परस्परांस भिडतात. या संधिस्थानाची रचना १९९८ साली अब्राहम कुप्फर प्रभृतींनी प्रसिद्ध केली: मध्यभागी ओळख पटविणारे रेणू व सभोवती घट्ट धरून ठेवणाऱ्या रेणूंचे कडे. मारक पेशी आपले विष सोडते ते या कड्याच्या आत. म्हणून शेजारच्या निरोगी पेशी बहुधा बचावतात. आधी चौकशी, मग शिक्षा, आणि तीही अपराध्यापुरतीच, हा न्याय आम्हांस दहाजणांच्या घरातही आचरण्याजोगा वाटतो.