तान्ह्या पोळ्याचा बैल घरीच घडवा



नागपंचमी सरली की पोळ्याला पंचवीसेक दिवस उरतात. घरधनी झुली उन्हात टाकतो, घुंगुरमाळा नीट करतो, शिंगांचा रंग आणून ठेवतो. थोरल्या पोळ्याची काळजी कुणाला सांगावी लागत नाही. पण विदर्भातल्या घरांत आणखी एक पोळा असतो. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, पोरांचा तान्हा पोळा. लाकडाचा बैल, खाली चार चाके, पुढे ओढायला दोरी. सजवलेले बैल घेऊन पोरे तोरणाखाली रांग लावतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा मागतात. कुणी नाणे देते, कुणी खाऊ. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून हा सण चालत आला असे सांगतात. पश्चिम महाराष्ट्रात आषाढातल्या बेंदराला मातीचे बैल पुजतात. चाल वेगळी, माया तीच.

हा लाकडी बैल बहुतेक घरांत आजाच्या किंवा बापाच्या हातचा असे. नाही तर गावचा सुतार करून देई. थोरल्याचा बैल धाकट्याकडे जाई, धाकट्याचा पुतण्याकडे. शिंग मोडले तर नवे बसे, चाक झिजले तर बदले, पण बैल तोच राही.

आता बाजारात तयार बैल मिळतात. सुताराच्या पोटाला त्यातून चार पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती चढाओढीची. तान्ह्या पोळ्यात बक्षिसे लागतात, आणि मग याचा बैल गुडघ्याएवढा तर त्याचा कमरेएवढा! भाद्रपदात शेतकऱ्याचा हात तंग असतो. खत आणि फवारणीत पैसा गेलेला, सोयाबीन यायला दसरा, कापसाला दिवाळी. अशा वेळी पोराच्या हट्टापायी उसने घेऊन मोठा बैल आणायचा, हे शहाणपणाचे नव्हे. पोराला तरी मोठा बैल कुठे हवा असतो? त्याला “हा माझा” म्हणता येईल असा हवा असतो.

म्हणून सांगणे असे की यंदा बैल घरीच घडवा. आजपासून रोज संध्याकाळी अर्धा तास दिलात तरी पोळ्याआधी तो उभा राहील.

लाकूड जुने आणि चांगले वाळलेले घ्या. घराच्या दुरुस्तीत निघालेला सागाचा तुकडा सगळ्यात बरा. पांगारा किंवा सावर मऊ, कोरायला सोपे, पण कीड लवकर लागते. बाभूळ टणक, नवख्या हाताने तिच्या वाटेला जाऊ नये. वीतभर लांबीचा ठोकळा पुरतो. कोळशाने बाजूवर बैलाची आकृती काढा, करवतीने फालतू भाग उतरवा, मग पटाशीने वशिंड आणि मान गोल करा. पाय वेगळे करून भोकांत ठोकून बसवले तर काम सोपे होते. चाकांसाठी फांदीच्या चकत्या पाडाल तर फांदी वाळलेली हवी. ओल्या फांदीच्या चकत्या वाळताना तडकतात. चाकाचे भोक आसापेक्षा किंचित मोठे ठेवा, म्हणजे चाक अडत नाही.

लाकूडकाम जमत नसेल तर माती आहेच. मात्र शेतातली नुसती काळी माती घेऊ नका. ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे बैलाला भेगा पडतात. कुंभाराकडची माती आणा, त्यात थोडा कापूस पिंजून घाला, आणि बैल सावलीत सावकाश वाळू द्या.

रंगाचे काम मायबहिणींनी आणि पोरांनी मिळून करावे. गेरू, चुना, हळद आणि काजळ घरातच असते. घरात पडून असलेला जुना ऑइलपेंटचा डबा मात्र वापरू नका. रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा सरकारी नियम २०१६ साली झाला. त्याआधीच्या डब्यात किती असेल सांगता येत नाही, आणि लहान पोर खेळणे तोंडात घालतेच. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. तसेच अगदी तान्ह्या लेकराच्या बैलाला सुटे घुंगरू किंवा मणी बांधू नका. गिळले तर जिवावर बेतते. झूल जुन्या लुगड्याच्या काठाची करा. तिच्याइतकी देखणी झूल दुकानात मिळायची नाही.

काही जण म्हणतील, “आमचा गोठाच रिकामा झाला, आता कसला तान्हा पोळा?” हा प्रश्न खरा आहे. २०१२च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते, २०१९च्या गणनेत ते १ कोटी ४० लाखांवर आले. कुणाला चारा परवडेना, कुणाला गडी मिळेना, कुणाच्या दारी ट्रॅक्टर आला. जोडी विकताना घरधन्याच्या मनाचे काय झाले, ते ज्याचे त्याला ठाऊक. पण अशा घरात तर लाकडी बैल आधी हवा. तो रंगवताना पोराला सांगा, ही वेसण, हा कासरा, हे वशिंड, आणि जू बसते ते इथे, या खांद्यावर. पोळ्याच्या आदल्या सांजेला तो खांदा हळद-तुपाने का मळतात, तेही सांगा. पूर्वी हे शिकवावे लागत नसे, पोर गोठ्यातच वाढे. आता सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.

आणखी एक. घरात मुलगी असेल तर तिच्यासाठीही बैल घडवा. निंदणीला, वेचणीला ती आईबरोबर असतेच. मग बैल धरून तोरणाखाली उभे राहायला तिला कसली आडकाठी? दोरी भावाच्या हातात आणि बहीण दारातून बघते, असे आपल्या घरी नको.

बैल तयार झाला की पोटाखाली पोराचे नाव आणि साल कोरून ठेवा. पाडव्याला थोरल्या बैलांसारखेच त्यालाही ओवाळा, पुरणपोळीचा घास दाखवा, आणि मगच दोरी पोराच्या हाती द्या. सण झाला की तो माळ्यावर फेकू नका, कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवा. पुढच्या वर्षी फक्त रंग द्यावा लागेल. आणि कधी काळी त्या पोराचे पोर विचारील, हा कुणी केला? तेव्हा घेण्यासारखे नाव तुमचे असेल.