'सीबीआय'ला दिल्लीचाच कायदा

कुठे काही विपरीत घडले, की पहिली मागणी होते ती सीबीआय चौकशीची. ही चौकशी करणारी माणसे येतात कुठून, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

१९४१ मध्ये युद्धकाळातल्या खरेदीतील लाचखोरी शोधायला एक छोटे पोलीस पथक नेमले गेले. १९६३ मध्ये त्यातूनच सीबीआय उभी राहिली. कायदा मात्र १९४६ चाच, दिल्लीच्या विशेष पोलिसांसाठी केलेला! त्यामुळे न्यायालयाचा आदेश नसेल, तर राज्याच्या संमतीवाचून तिचे काही चालत नाही. महाराष्ट्राने सरसकट संमती २०२० मध्ये काढून घेतली, २०२२ मध्ये परत दिली. मधल्या काळात सरकार बदलले होते, एवढेच.

जैन हवाला प्रकरणात, १९९७ साली, सर्वोच्च न्यायालयाने संचालकाला किमान दोन वर्षे हलवू नका, असे बजावले. बदलीची टांगती तलवार असली, की बड्यांच्या फायलीला हात कोण लावणार? तरीही ऑक्टोबर २०१८ मध्ये संचालकांना रातोरात रजेवर पाठवण्यात आले. २०२१ पासून ही मुदत एकेक वर्षाने पाच वर्षांपर्यंत वाढवता येते. म्हणजे संचालकाची वार्षिक परीक्षाच म्हणायची!

खालची अडचण आणखी जुनी. अनेक अधिकारी राज्यांकडून उसने घेतलेले. तपास अर्ध्यावर असताना मुदत संपली, की ते आपल्या राज्यात परततात. नवा अधिकारी येतो आणि फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतो. फिर्यादी तोवर तारखा मोजत असतो.